सांगलीच्या मुक्कामात कॅम्परची मैल्याची टाकी भरली तेव्हा : एक प्रकरण

पुण्याचं एक कुटुंब थंडीत कृष्णेच्या काठाकाठानं निघालं होतं. महाबळेश्वर, वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी आणि तिथून कोल्हापूर. माझ्या मावसबहिणीचे सासू-सासरे, त्यांची मुलगी आणि शाळकरी नात. टेंपो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली गाडी: मागे झोपायच्या फळ्या, मधे ओटा आणि सिंक, कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. सांगलीत शिरता शिरता त्या संडासाच्या टाकीचा लाल दिवा लागला. हरिपूरच्या रस्त्याला ओळखीच्यांच्या मळ्यात गाडी लागली, आणि काकांनी मला फोन केला, "अहो, ही टाकी रिकामी करायची कुठे?"

मी सांगलीत प्लंबिंगची आणि ड्रेनेजची कामं घेतो. मला येणारे फोन बहुतेक तुंबलेल्या चेंबरचे असतात. हा वेगळा होता. गाडीत चार माणसं, टाकी काठोकाठ, शनिवारची संध्याकाळ, आणि कोल्हापूरला ज्या ठिकाणी सोय सांगितली होती तिथे पोचायला अजून दोन दिवस. हे सविस्तर लिहितोय, कारण अशा गाड्या वाढत जाणार. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या भाड्यानंही मिळतात. गाडी लावायची कुठे, वीज कुठून घ्यायची, याची चौकशी लोक निघण्याआधी करतात. मैल्याची चौकशी मात्र टाकी भरल्यावरच सुरू होते.

अमेरिकेत या कामासाठी डंप स्टेशन असतं. कॅम्पग्राउंडवर, काही ट्रकथांब्यांवर, हायवेच्या काही विश्रांतीस्थळांवर, आणि बऱ्याच गावांत तर सांडपाणी केंद्राच्या आवारातच. त्यात फार काही नसतं. मध्याकडे उतार दिलेला काँक्रीटचा ओटा, मधोमध झाकणाचं भोक, ते भोक थेट मलवाहिनीला जोडलेलं, आणि शेजारी धुवायला एक नळ. त्या नळावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी. मोठ्या गाडीला तीन इंची पाइप लावायचा, आधी संडासाची टाकी सोडायची, मग सिंक आणि मोरीच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. आपल्याकडे या नावाची जागा शोधून उपयोग नाही. शोधायचं ते असं ठिकाण, जिथे ओतलेला मैला खरोखर प्रक्रियेपर्यंत जातो आणि जिथे तो ओतायला कुणीतरी हो म्हणतं. या दोन अटी एकाच जागी जुळवणं हेच त्या संध्याकाळचं सगळं काम होतं.

टाकीत काय होतं

काकांच्या गाडीत कॅसेट पद्धतीचा संडास आहे. भांड्याच्या खाली प्लास्टिकची चपटी टाकी, गाडीच्या बाहेरच्या अंगाला छोटं दार, ते उघडून टाकी प्रवासी बॅगेसारखी ओढून काढायची. चाकं आहेत, दांडा आहे, ओतायला फिरणारी तोटी आहे. मावतं अठरा-वीस लिटर. चार माणसांनी सगळ्या गरजांना वापरली तर टाकी एका दिवसातच भरते. यांनी वाटेतली हॉटेलं आणि नातेवाइकांची घरं वापरून तिला साताऱ्यापासून इथपर्यंत पुरवली होती.

अठरा लिटर म्हणजे बादलीभर, असं वाटतं. हिशेब करून बघा. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटरचा, आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे दोन माणसांचं दोन दिवसांचं सांडपाणी, अंघोळ-धुणंभांड्यांसकट, ४३२ लिटर. तेवढ्याच माणसांचा तेवढ्याच दिवसांचा मैला इथे १८ लिटरमध्ये बसलेला असतो. घरच्या ड्रेनेजपेक्षा चोवीसपट दाट. म्हणून 'एवढ्याशानं काय होतंय' हे म्हणणं मला पटत नाही. सांडपाण्याच्या लाइनमध्ये ते पातळ होतं आणि निघून जातं. लहानशा ओढ्यात, विहिरीजवळच्या मातीत किंवा घाटाच्या पायरीशी ते तसंच दाट राहतं.

वर त्यात औषध असतं. वास मारण्यासाठी टाकीत घालायचं निळं द्रावण पूर्वी सर्रास फॉर्मल्डिहाइडचं असे, अजूनही मिळतं. ते जिवाणू मारतं. सेप्टिक टाकी चालते ती जिवाणूंच्याच जोरावर. काकूंनी सुदैवानं हिरव्या डब्यातलं, फॉर्मल्डिहाइड नसलेलं औषध घेतलं होतं, आणि डबा फेकून दिला नव्हता. त्या डब्याचा पुढे उपयोग झाला.

जिथे नाही म्हणावं लागलं

पहिला सल्ला मळ्यातल्याच एकानं दिला. रस्त्याकडेला गटार आहे, रात्री ओतून टाका, कोण बघतंय. ही सूचना कुणीही सहज करतो, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. रस्त्याकडेचं उघडं गटार पावसाचं पाणी काढायला असतं. ते नाल्याला मिळतं आणि नाला नदीला. शेरी नाला सांगलीकरांना सांगायला नको. शहराचं सांडपाणी घेऊन तो कृष्णेकडे येतो. ते पाणी उचलून धुळगावला नेऊन, तळ्यांत शुद्ध करून शेतीला द्यायची योजना झाली, तरी नाल्याचं पाणी नदीत मिसळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. उघड्या गटारात ओतलेल्या टाकीचा रस्ता तोच. पुढे हरिपूरचा संगम, अंकली, मिरजेचा कृष्णा घाट, आणि मग नरसोबाची वाडी, जिथे हेच कुटुंब परवा सकाळी नदीत पाय धुणार होतं. शहराचं एवढं पाणी जातंच आहे, आपल्यानं काय फरक पडतो, असं काकांची मुलगी म्हणाली. तिला मी एवढंच सांगितलं की आजाराचे जंतू शहराच्या सरासरीनं येत नाहीत. घाटावर तांब्या भरणाऱ्या बाईच्या पाण्यात कुणाचं काय आलं यावर ते ठरतं. आणि कायद्याचं बघायचं तर १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम आहे. त्याचं कलम २४ नदी, विहीर, गटार आणि जमीन या सगळ्यांत जाणूनबुजून घाण सोडायला मनाई करतं.

दुसरी सूचना खड्डा काढायची. उसाच्या फडाशेजारी जागा होती, मालकाची हरकत नव्हती. डोंगरातल्या कोरड्या माळावर, वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब, माणूस खड्ड्याचा विचार करू शकेल. हरिपुरात नाही. इथली जमीन खोल मातीची, हळदीच्या पेवांसाठी, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांसाठी, नावाजलेली. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरून हळद गेली, हे इथला प्रत्येक जुना माणूस सांगतो. ज्या जमिनीवर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये नदी येऊन बसली, त्या जमिनीत पुरलेलं कायमचं पुरलं असं धरता येत नाही. शिवाय मळ्याची विहीर जवळच होती.

मळ्यात गोबरगॅस होता आणि घरचा संडास त्यालाच जोडलेला, जसा आपल्या भागात अनेक ठिकाणी असतो. मालक मोठ्या मनानं म्हणाले, "आमच्यातच सोडा की, गॅसच होईल त्याचा." हा सगळ्यांत चांगला पर्याय ठरला असता, टाकीत निव्वळ मैला असता तर. औषध फॉर्मल्डिहाइडचं नव्हतं हे खरं, पण डब्यावर सेप्टिक टाकीचा उल्लेख होता, गॅस संयंत्राचा नव्हता. त्या घरचा स्वयंपाक त्या गॅसवर होतो. दुसऱ्याच्या चुलीवर प्रयोग नको, असं मी म्हणालो आणि काकांनाही ते पटलं.

पेट्रोल पंपावर विचारलं. तिथल्या मुलानं नाही म्हटलं आणि त्याचं बरोबर होतं. पंपाच्या संडासाला छोटी सेप्टिक टाकी असते, पाणी टँकरचं असतं, आणि एकदा तुंबलं की हायवेवरच्या बायकांची गैरसोय होते.

रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उचलायचं काकांच्या मनात आलं होतं. त्यांना मी कडक शब्दांत अडवलं. आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, म्हणजे माणसाला वाटतं गेला गॅस. या धंद्यात माणसं अशीच गेली आहेत.

सक्शनची गाडी बोलवायचाही विचार झाला. ती गाडी हजारो लिटरची टाकी उपसायला येते; अठरा लिटरसाठी पूर्ण खेपेचे पैसे मोजायचे. पण ज्या गावात ओळख नाही तिथे मी सगळ्यांत आधी सक्शनवाल्यालाच फोन करा असं सांगेन. गाडी बोलवायला नाही, विचारायला: "दादा, तुम्ही गाडी कुठे खाली करता?" त्या माणसाला गावातली खरी जागा माहीत असते. उत्तर गटाराचं पंपिंग स्टेशन किंवा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, असं आलं तर तिथे विचारायला जावं. उत्तर ओढा किंवा माळ असं आलं तर निदान कुठे जायचं नाही ते कळतं.

शेवटी रिकामी झाली ती

तिन्ही शहरांत, म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये, भुयारी गटार सगळीकडे पोचलेलं नाही. कितीतरी वसाहती सेप्टिक टाकीवर आहेत. त्यामुळे नुसतं 'सार्वजनिक शौचालय' सापडून भागत नाही, त्याचा पाइप कुठे जातो हे कळावं लागतं. मला एक शौचालय माहीत होतं, कारण शेजारच्या इमारतीची जोडणी मी त्याच लाइनला दिली होती. ती भुयारी गटाराची लाइन आहे, पंपिंग स्टेशनला जाते. तिथे काका, काकू आणि मी मोकळ्या हातांनी गेलो. टाकी गाडीतच ठेवली. आधी विचारायचं, मग आणायचं. टाकी हातात घेऊन दारात उभं राहिलं की समोरच्याला नाही म्हणायचाच एक मार्ग उरतो.

तिथली व्यवस्था बघणारे गृहस्थ वयानं काकांच्या आसपासचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आत कसलं औषध घातलंय? मागं एकानं कायतरी ओतलं, दोन दिवस डोळं चुरचुरत होतं." काकूंनी पिशवीतून हिरवा डबा काढला आणि वाचून दाखवला. "मामा, यात ते जळजळणारं नाही. वास मारायचं तेवढं आहे." मामांनी डबा उलटासुलटा बघितला. "मग शेवटच्या खोलीत न्या. पर आत्ता न्हाई, आत्ता गर्दी हाय. नवाच्या पुढं या."

आम्ही नवानंतर गेलो. मामा म्हणाले, पोराला सांगतो, तो करून देईल, त्याला चहापाण्याचं बघा. काका म्हणाले, "नको मामा. आमचं आहे, आम्ही करतो." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हातानं मैला साफ करायला माणूस नेमण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची घाण उचलली त्यांच्याच हातात सहलीला निघालेल्यांनी आपली टाकी द्यावी, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. कॅम्परची हौस ज्याची, टाकी त्याची.

करायची रीत अशी. रबरी हातमोजे कोपरापर्यंतचे. टाकी चाकांवर ओढत खोलीत नेली. भांडं भारतीय पद्धतीचं, त्यात आधी एक बादली पाणी सोडलं, म्हणजे भिंतीला काही चिकटत नाही. तोटी फिरवून भांड्याच्या तळाशी अगदी जवळ आणली. टाकीच्या वरच्या अंगाला हवेचं बटण असतं, ते ओतताना अंगठ्यानं दाबून धरायचं. न दाबता ओतलं की पाणी गटागटा उसळतं आणि शिंतोडे उडतात. पाव टाकी ओतली, बादलीभर पाणी. पुन्हा पाव, पुन्हा पाणी. एकदम सगळं ओतलं असतं तर पी-ट्रॅपच्या, म्हणजे भांड्याखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या पाइपच्या, वळणात जाड भाग बसला असता.

तिसऱ्या टप्प्याला तोटी अडली. आत नातीनं टाकलेले ओले वाइप्स होते, दोरीसारखे पिळून बसलेले. पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं छापलेलं असलं तरी ते विरघळत नाहीत. सांगलीतल्या तुंबलेल्या चेंबरांतून मी तेच काढत असतो. काकूंनी ते काडीनं ओढून जाड पिशवीत घेतले, गाठ मारली आणि कचऱ्याकडे वेगळे काढले. मग टाकीत पाच लिटर पाणी घालून हलवून ओतलं, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. भांडं घासलं, फरशी फिनेलनं धुतली, दाराची कडीसुद्धा पुसली. मामा येऊन बघून गेले. माणशी जो आकार होता तो काकांनी चौघांचा भरला आणि वापरलेल्या पाण्याचे म्हणून वर दिले. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत.

सिंक आणि मोरीचं पाणी वेगळ्या टाकीत होतं. ते मळ्याच्या मालकांना विचारून नारळाच्या आळ्यात सोडलं. साबणाचं पाणी विहिरीपासून लांब, थोडं थोडं सोडलं तर फार काळजीचं नाही. जेवणाचं खरकटं मात्र गाळून घ्यावं.

वाईत जे आधीच आहे

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी काकांना विचारलं, वाईत मुक्काम होता ना? होता, मेणवलीच्या बाजूला. मग मी त्यांना सांगितलं की टाकी रिकामी करण्याची विचारणा करायला या सगळ्या वाटेवर वाईइतकी योग्य जागा दुसरी नव्हती.

वाई नगरपरिषदेनं २०१८ पासून सेप्टिक टाक्या पाळीपाळीनं उपसायला सुरुवात केली. घरमालकानं टाकी तुंबल्यावर फोन करायचा नाही. दर तीन वर्षांनी आपली पाळी येते आणि गाडी दारात उभी राहते. उपसलेला गाळ शुद्ध करायला दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचं मैला प्रक्रिया केंद्र आहे. कृष्णेच्या अगदी वरच्या अंगाला, ढोल्या गणपतीच्या घाटाच्या गावानं हे केलं याचं मला फार कौतुक आहे. ७० हजार लिटरच्या केंद्राला १८ लिटरची कॅसेट म्हणजे काहीच नाही. तिथे फक्त दाराशी एक स्वीकारायची जागा आणि एक वही लागेल.

हेच म्हणणं साताऱ्याला, कऱ्हाडला आणि सांगलीला लागू आहे. दरवर्षी माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड इथल्या मुक्कामांना फिरती शौचालयं उभी राहतात आणि त्यांचा मैला टँकरनं उचलला जातो. लाखो वारकऱ्यांसाठी जी यंत्रणा उभी करता येते ती पाच-पंचवीस कॅम्परसाठी नव्यानं शोधायची गरज नाही. मी महापालिकेला द्यायला एक अर्ज लिहिलाय. त्यात मागणी एवढीच: एखाद्या पंपिंग स्टेशनच्या आवारात, फाटकाच्या आत, दोन बाय दोन मीटरचा काँक्रीटचा ओटा, मध्याकडे उतार, मधे पायानं उघडायच्या झाकणाचा सहा इंची पाइप, पाइप थेट लाइनला, वाटेत वाइप्स आणि प्लास्टिक अडवणारी जाळी, एक नळ, एक दिवा. नळाचं पाणी पिण्याच्या लाइनला परत ओढलं जाणार नाही अशी झडप. ठरलेल्या वेळा, ठरलेला दर, आणि फॉर्मल्डिहाइडचं औषध चालणार नाही अशी मराठी पाटी. गवंडीकाम आणि प्लंबिंग धरून चार दिवसांचं काम आहे. बसप्रवासात आजाऱ्याला घेऊन जाणाऱ्यांचे पोर्टेबल संडास, लग्नाच्या मांडवातली फिरती शौचालयं, ऊसतोड मजुरांच्या तळावर कुणी बसवली तर ती, या सगळ्यांना तीच जागा उपयोगी पडेल. खरं म्हणजे ऊसतोडीच्या तळांचं नाव मला अर्जात सगळ्यांत वर लिहायचंय.

तोवर कॅम्पर घेऊन सांगलीत येणाऱ्यांनी टाकी अर्धी झाली की विचारायला लागावं, लाल दिव्याची वाट बघू नये. दिवसा, कामाच्या वारी, सकाळी अकराच्या पुढे, दुपारी जेवायच्या आत. औषधाचा डबा जवळ ठेवावा. आणि पावसाळ्यात हे सगळं गणित बदलतं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. नदी चढली की नदीकाठच्या सखल भागातल्या लाइनी उलट्या वाहू लागतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या बाजूला चेंबरमधून पाणी घरात येतं. अशा दिवसांत तिकडच्या कुठल्याही शौचालयात कॅसेट ओतली तर ती लोकांच्या मोरीतून वर येईल. जून ते सप्टेंबर विश्रामबाग किंवा मिरजेच्या उंच बाजूलाच विचारणा करावी, आणि पुराचा इशारा असेल तर टाकीचं झाकण घट्ट लावून, गाडीतला संडास बंद ठेवून, पाणी उतरेपर्यंत हॉटेल गाठावं.